टेबलाखालचा बॉम्ब आणि दुधातला दिवा

मूकपटात पावलांचा आवाज कसा ऐकवायचा? १९२७ साली आल्फ्रेड हिचकॉकपुढे हा पेच होता. सिनेमा ‘द लॉजर’. लंडनमध्ये एकामागून एक खून पडताहेत, घरात नवा भाडेकरू आलाय आणि तो वरच्या खोलीत येरझाऱ्या घालतोय. खाली बसलेल्या घरमालकांना ते ऐकू येतंय, पण थिएटरातल्या माणसाला कसं कळणार? हिचकॉकनं जाड काचेची जमीन करून घेतली, तिच्यावर नटाला चालायला लावलं आणि कॅमेरा खालून लावला. पडद्यावर झुंबर हलतं, छत पारदर्शक होतं आणि आपल्या डोक्यावरून बुटांचे तळवे इकडून तिकडे फिरू लागतात. आवाजाचा पत्ता नाही, तरी प्रेक्षक कान टवकारून बसतो.

थ्रिलरची सगळी कारागिरी यात आली. कुणाला काय कळू द्यायचं, किती आणि कधी, या एका हिशेबावर हा धंदा चालतो. पिस्तुलं, पाठलाग, पावसाळी रात्री, करकरणारी दारं हे सगळं वरचं सामान. हा हिशेब जमवण्यासाठी दिग्दर्शकांनी काय काय उचापती केल्या, त्यातल्या काही खास इथे देतोय. आधीच सांगून ठेवतो, पुढे बऱ्याच जुन्या सिनेमांची रहस्यं फुटणार आहेत. ‘सायको’ येऊन साठ वर्षं उलटली. ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांची गय करायचा आमचा विचार नाही.

सुरी, सुरी, सुरी

दोनच वर्षांनी बोलपट आला आणि हिचकॉकला नवं खेळणं मिळालं. ‘ब्लॅकमेल’ (१९२९) मुळात मूकपट म्हणून सुरू झालेला, मध्येच त्याला आवाज द्यायचं ठरलं. यातली नायिका आदल्या रात्री अब्रू वाचवताना एका माणसाला पाव कापायच्या सुरीनं मारून आलीय. सकाळी घरच्यांबरोबर न्याहारीला बसलीय. शेजारीण दारात उभी राहून त्याच खुनाबद्दल अखंड बडबडतेय. हळूहळू त्या बडबडीची नुसती गुणगुण होते, एक शब्द धड कळेनासा होतो, फक्त ‘सुरी’ तेवढी लख्ख ऐकू येते. पुन्हा सुरी. पुन्हा सुरी. आणि नेमके तेव्हाच वडील म्हणतात, जरा पाव काप गं. बोलपट जेमतेम रांगायला लागला होता त्या काळात या गृहस्थानं आवाज नायिकेच्या डोक्यात नेऊन बसवला.

याच सिनेमाची आणखी एक गंमत. नायिका ॲनी ओंड्रा चेकोस्लोव्हाकियाची. तिचे इंग्रजी उच्चार असे, की लंडनची दुकानदाराची पोर म्हणून ती खपणं अशक्य. मागाहून आवाज डब करायची सोय तेव्हा नव्हती. मग जोन बॅरी नावाची इंग्रज नटी कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी माइकपाशी उभी राहायची नि संवाद म्हणायची, आणि ओंड्रा समोर नुसते ओठ हलवायची. आपल्याकडे गाण्यांच्या बाबतीत हा प्रकार पुढे कुणाला नवलाचा राहिला नाही, पण इथे तो अख्ख्या संवादांना, थेट सेटवर चालला होता.

जर्मनीत फ्रिट्झ लांगनं ‘एम’मध्ये (१९३१) लहान मुलांच्या खुन्याला एक शीळ दिली, नॉर्वेच्या ग्रीग या संगीतकाराच्या एका प्रसिद्ध धूनची. खुन्याचा चेहरा बराच वेळ दिसत नाही, शीळ मात्र आधी येते आणि ती आली की पोटात गोळा येतो. शेवटी त्याला ओळखतो तो फुगे विकणारा एक आंधळा. पोलिसांना डोळे असून जे जमत नाही ते तो कानांनी करतो. आता मजा अशी, की खुन्याचं काम करणाऱ्या पीटर लोरेला शीळच वाजवता येत नव्हती! आपल्याला ऐकू येते ती शीळ खुद्द लांगची.

पंधरा सेकंद की पंधरा मिनिटं?

१९६२ साली फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकानं हिचकॉकची कित्येक तास मुलाखत घेतली. तिच्यातलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आता जगभरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये बाराखडीसारखं शिकवतात. दोन माणसं गप्पा मारताहेत, अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटला. प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो आणि संपलं. आता तोच प्रसंग, तीच माणसं, पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकानं पाहिलाय आणि भिंतीवरच्या घड्याळात एकला पंधरा मिनिटं कमी आहेत. आता ती माणसं बेसबॉलबद्दल जरी बोलत बसली, तरी तुम्ही खुर्चीतून ओरडणार, अरे उठा! पंधरा सेकंदांच्या धक्क्याऐवजी पंधरा मिनिटांची तगमग.

गंमत म्हणजे स्वतः गुरुजींचा हा प्रयोग एकदा साफ फसला होता. ‘सॅबोटाज’मध्ये (१९३६) एक शाळकरी पोरगा फिल्मच्या डब्यांबरोबर बॉम्बचं पुडकं घेऊन लंडनभर फिरतो. त्याला काहीच ठाऊक नाही, आपल्याला सगळं ठाऊक. रस्त्यात फेरीवाला त्याला धरून ठेवतो, मिरवणूक आडवी येते, घड्याळाचे काटे पुढे सरकतात. बसमध्ये कंडक्टर आधी त्याला अडवतो, कारण तेव्हाची फिल्म चटकन पेट घेणारी, ती बसमधून न्यायला बंदी. मग बिचारा दयाळूपणे चढू देतो. आणि बॉम्ब खरंच फुटतो. पोरगा जातो. लोक भडकले. इतका वेळ जीव टांगणीला लावलात, तर निदान सोडवायचं तरी, असं त्यांचं म्हणणं. पोराला मारायला नको होतं, हे हिचकॉकनं त्रुफोजवळ कबूल केलं. तेव्हापासूनचा अलिखित नियम असा, की लोकांना बॉम्ब दाखवलात तर तो फुटू देऊ नका.

आपल्या ओळखीचा बॉम्ब पाहायचा तर ‘दृश्यम’. मूळ मल्याळम सिनेमा जीतू जोसेफ यांचा, २०१३चा. २०१५ साली तो हिंदीत आणला निशिकांत कामत यांनी, म्हणजे ‘डोंबिवली फास्ट’वाल्या आपल्या कामतांनी, आणि गोष्ट नेली गोव्यात. खून कुणी केला, कसा झाला, प्रेत कुठून उचललं, सगळं आपल्या डोळ्यांदेखत. मग रहस्य उरलं कुठे? पणजीचा सत्संग, हॉटेलातली पावभाजी, बसची तिकिटं, सिनेमाची तिकिटं अशी एकेक साक्ष विजय साळगावकर शांतपणे रचत जातो. आपण त्याच्या बाजूनं आहोत, आपल्याला सगळं माहीत आहे, अशा भ्रमात आपण असतो. खरं तर २ ऑक्टोबरचा तो बहुचर्चित दौरा झालेलाच असतो मागाहून! नि प्रेताचा खरा ठिकाणा तर अगदी शेवटच्या दृश्यापर्यंत आपल्यालाही पत्ता लागू देत नाहीत. टेबलाखालचा एक बॉम्ब दाखवला आणि दोन आपल्या खुर्चीखाली ठेवले. हा सिनेमा चिनी भाषेतही गेला आणि तिथेही चालला, यात नवल नाही.

मोरीतला खून

आता ‘सायको’ (१९६०). याच्याबद्दल थोडक्यात लिहिणं हा अन्याय होईल.

पॅरामाउंट स्टुडिओला हा विषय किळसवाणा वाटला. पैसे द्यायला त्यांनी नकार दिल्यावर हिचकॉकनं स्वतःचे पैसे घातले, आपल्या टीव्ही मालिकेची टोळी कामाला लावली आणि कृष्णधवल फिल्मवर अवघ्या आठ लाख डॉलरच्या आसपास खर्चात सिनेमा उरकला. आधीच्या वर्षीचा त्याचा ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ याच्या कितीतरी पट महागडा आणि रंगीत होता.

शॉवरखालच्या खुनाचं दृश्य पडद्यावर पाऊण मिनिटाचं. त्याच्या चित्रीकरणाला आठवडा गेला आणि कॅमेरा सत्तराहून जास्त वेळा जागा बदलून लावावा लागला. ओघळणारं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप, कृष्णधवलात ते रक्ताहून रक्तासारखं दिसतं. सुरी अंगात शिरण्याच्या आवाजासाठी प्रॉपवाल्यानं तऱ्हेतऱ्हेची खरबुजं आणली, एकेक भोसकून दाखवलं. हिचकॉक डोळे मिटून ऐकत होता. शेवटी त्यानं ‘कसाबा’ जातीचं खरबूज पसंत केलं. आपल्याकडे बाजारात खरबूज वाजवून घेणारे पुष्कळ, पण इतक्या गंभीर कामासाठी कुणी वाजवलं नसेल.

आणि खुनी? अँथनी पर्किन्स त्या दिवसांत सेटवरच नव्हता, न्यूयॉर्कमध्ये एका संगीतिकेच्या तालमी करत होता. पडद्यावर सुरी घेऊन उभी आहे ती त्याची बदली. जॅनेट लीच्या जागीही कित्येक शॉट्समध्ये दुसरी मुलगी उभी होती. म्हणजे सिनेमाच्या इतिहासातल्या सगळ्यात गाजलेल्या खुनात खुनी गैरहजर आणि मयत अर्धवट हजर!

या दृश्याला संगीत नको, असं हिचकॉकचं ठाम मत होतं. संगीतकार बर्नार्ड हरमननं ते कानांआड केलं आणि नुसत्या तंतुवाद्यांचा, किंचाळल्यासारखा तुकडा बांधून ऐकवला. हिचकॉकनं निमूटपणे मत बदललं. संपूर्ण सिनेमात हरमननं एक बासरी नाही की एक ढोल वापरला नाही. फक्त तारा.

खरी मखलाशी मात्र कथेत आहे. नायिकेनं ४० हजार डॉलर चोरलेत, ते वर्तमानपत्रात गुंडाळलेत, आणि पाऊण तास आपल्याला एकच काळजी, की ही पकडली जाणार की पैसे परत करणार? तेवढ्यात नायिकाच मरते. पोस्टरवर जिचं नाव, ती गेली. पैसे गाडीसकट दलदलीत गेले. सगळे ज्याच्यामागे धावतात त्या ऐवजाला हिचकॉक ‘मॅकगफिन’ म्हणायचा आणि प्रेक्षकाला त्याची फिकीर नसते, असं त्याचं मत होतं. इथे तर त्यानं तो ऐवज अर्ध्या सिनेमात चिखलात बुडवून टाकला.

नायिका मध्येच मरते म्हटल्यावर उशिरा येणारा प्रेक्षक तिला शोधत बसणार. मग त्यानं नियमच काढला, की सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. अमेरिकेत तोवर लोक केव्हाही आत शिरत, उरलेला भाग बघत आणि पुढच्या खेळाचा सुरुवातीचा भाग बघून उठत. थिएटरमालक कुरकुरले, पण बाहेर रांगा लागल्यावर गप्प झाले. गुपित राखण्यासाठी सेटवर ‘मिसेस बेट्स’ असं नाव लिहिलेली खुर्ची ठेवली होती. आईचं काम करणारी कुणी बाई आहे, असं सगळ्यांना वाटावं म्हणून!

आणि हो, अमेरिकन सिनेमात संडासात पाणी सोडलेलं पहिल्यांदा दिसलं ते याच सिनेमात. सेन्सॉरचा त्यालाही आक्षेप होता. १९९८ साली गस व्हॅन सँटनं हाच सिनेमा जवळजवळ शॉटला शॉट जुळवून रंगीत केला, आणि तो आपटला. शॉट तेच होते, पण एव्हाना मोरीत काय होणार हे अख्ख्या जगाला ठाऊक होतं.

बिघडलेला शार्क

१९७५ सालच्या ‘जॉज’साठी यांत्रिक शार्क बनवले. स्टीव्हन स्पीलबर्गनं त्यांना आपल्या वकिलाच्या नावावरून ‘ब्रूस’ म्हणायला सुरुवात केली. ब्रूसना खाऱ्या पाण्यात उतरवलं मात्र, यंत्रं बंद पडू लागली. ५५ दिवसांचं चित्रीकरण १५९ दिवसांवर गेलं. शार्क नाही तर दाखवायचं काय? मग पाण्याखालून वर पाहणारा कॅमेरा, लाटांवर धावणारी पिवळी पिंपं आणि जॉन विल्यम्सचे दोन सूर. ते दोन सूर पहिल्यांदा ऐकल्यावर स्पीलबर्गला वाटलं, हा थट्टा करतोय. सिनेमाचा पहिला तास उलटून जातो तरी शार्क धड दिसत नाही, आणि तोवर लोकांनी समुद्रात पाय न घालण्याचा निश्चय केलेला असतो.

बुडालेल्या होडीच्या भोकातून अचानक मुंडकं बाहेर येतं तो धक्का तर मागाहून सुचलेला. चाचणी खेळात लोक एकदाच किंचाळले म्हणून स्पीलबर्गचं समाधान होईना. स्टुडिओ आणखी पैसे देईना. त्यानं पदरचे तीन हजार डॉलर घातले आणि संकलक व्हर्ना फील्ड्सच्या घरच्या पोहण्याच्या तलावात, पाणी गढूळ दिसावं म्हणून त्यात दूध मिसळून, तो शॉट घेतला.

तसा न दाखवण्याचा सराव त्याला आधीपासून होता. ‘ड्युएल’ (१९७१) या टीव्हीसाठी केलेल्या सिनेमात एक जुनाट ट्रक एका गाडीवाल्याच्या मागे हात धुऊन लागतो. कारण कळत नाही. ड्रायव्हरचा एखादा हात, बूट, बस्स, चेहरा शेवटपर्यंत नाही. ट्रकच्या पुढच्या बंपरवर मात्र वेगवेगळ्या राज्यांच्या नंबरप्लेट लटकवलेल्या. या आधी किती जणांना गाठलं असेल, हे बघणाऱ्यानं मोजावं.

बारीकसारीक हातचलाखी

‘सस्पिशन’मध्ये (१९४१) केरी ग्रँट बायकोसाठी दुधाचा पेला घेऊन जिना चढतो. दुधात विष आहे का? नजर पेल्यावरच राहावी म्हणून हिचकॉकनं दुधात छोटा दिवा लपवला होता. अंधाऱ्या जिन्यात तो पेला भुतासारखा उजळत वर येतो.

‘स्पेलबाउंड’मध्ये (१९४५) पिस्तूल हळूच वळतं आणि थेट आपल्याकडे रोखलं जातं. पिस्तूल आणि मागची माणसं दोन्ही स्पष्ट दिसायला हवीत, म्हणून तो हात आणि ते पिस्तूल अवाढव्य बनवलं होतं. गोळी सुटताना कृष्णधवल सिनेमात क्षणभर लाल रंग चमकतो. पापणी लवली की हुकला.

‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ (१९५१) मधला गळा दाबून केलेला खून दिसतो तो गवतात पडलेल्या चष्म्याच्या काचेत. त्याच सिनेमाच्या शेवटी बेफाम फिरणाऱ्या मेरी-गो-राउंडखालून एक म्हातारा सरपटत जातो. तिथे ना डमी होती ना ट्रिक. खरा माणूस खऱ्या फिरत्या चक्राखालून गेला, डोकं जरा वर उचललं असतं तर खेळ खलास. असलं पुन्हा कधी करणार नाही, असं हिचकॉक नंतर म्हणत असे.

‘द थर्ड मॅन’मध्ये (१९४९) युद्धानंतरचं व्हिएन्ना तिरकं तिरकं दिसतं, कारण कॅरोल रीडनं कॅमेरा सतत कलता ठेवला. तो पाहून विल्यम वायलर या दिग्दर्शक मित्रानं त्याला भेट पाठवली गवंड्याची पाणसळ. पुढच्या वेळी कॅमेऱ्यावर ठेव म्हणावं!

जिना आडवा, भिंती चाकांवर

उंचावरून खाली पाहताना पायाखालची जमीन लांब पळते, ते चक्कर येणं पडद्यावर आणायला हिचकॉकला बरीच वर्षं लागली. ‘व्हर्टिगो’मध्ये (१९५८) ते जमवलं इर्मिन रॉबर्ट्स या कॅमेरामननं. कॅमेरा एका दिशेला न्यायचा आणि त्याच वेळी झूम उलट दिशेला करायचा. उंच जिन्यात एवढा अवजड कॅमेरा टांगायचा तर खर्च गेला होता ५० हजार डॉलरच्या घरात. त्यावर तोड अशी, की जिन्याची छोटी प्रतिकृती करून ती चक्क आडवी ठेवली. १९ हजारांत काम झालं. ‘जॉज’मध्ये किनाऱ्यावर बसलेल्या पोलीसप्रमुखाचा चेहरा पुढे येतो नि मागचा किनारा ताणला जातो, ती हीच युक्ती.

‘रोप’ (१९४८) सगळा एका दमात घेतल्यासारखा वाटतो. पण कॅमेऱ्यात फिल्म मावायची साधारण दहा मिनिटांची. रीळ संपत आलं की कॅमेरा कुणाच्या तरी कोटाच्या पाठीवर जाऊन आदळायचा, पडदा काळा, आणि नवं रीळ तिथूनच पुढे सुरू. अवाढव्य टेक्निकलर कॅमेऱ्याला वाट द्यायला घराच्या भिंती चाकांवर बसवल्या होत्या. कॅमेरा आला की भिंत सरकवायची, गेला की परत आणायची, आणि आवाज अजिबात करायचा नाही. नटांच्या अभिनयापेक्षा मला त्या भिंती ढकलणाऱ्यांचं जास्त कौतुक वाटतं.

एका दमाची खरी कमाल आपल्या टीव्हीवर झाली. शिवाजी साटम यांच्या एसीपी प्रद्युम्नची ‘सीआयडी’ २००४ साली १११ मिनिटांचा एक भाग सलग, एकही कट न घेता चित्रित करून गिनेसच्या बुकात गेली. कोटाच्या पाठी नाहीत की रीळ बदलणं नाही. त्यातल्या इन्स्पेक्टर दयानं दार तोडताना ते पहिल्याच फटक्यात तुटायला हवं, एवढीच काय ती अट!

पांढरी साडी, कंदील आणि लांबून येणारा सूर

आपल्या रहस्यपटांची एक खास रीत आहे, इथे खुनाआधी गाणं लागतं. तिचं मूळ कमाल अमरोहींच्या ‘महल’मध्ये (१९४९). मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा सिनेमा, कॅमेरा जर्मन छायाचित्रकार योझेफ विर्शिंग यांचा, संकलन बिमल रॉय यांचं. गाण्यातली बाई लांबून जवळ येते आहे, असं ऐकू यायला हवं होतं. आज बटण फिरवून होईल. तेव्हा लता मंगेशकर यांनी खोलीच्या कडेला उभं राहून सुरुवात केली आणि गात गात एकेक पाऊल माइककडे चालत आल्या. सूर दुरून येतो असं आपल्याला वाटतं, आणि खरंच दुरून येत होता! तबकडी निघाली तेव्हा गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं.

त्यानंतर ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘वह कौन थी’ (१९६४) असं करत धुक्यात गाणाऱ्या बायांची रांगच लागली. शेवटच्या रिळात भूत नव्हतं, कट होता, असा खुलासा ठरलेला. मराठीत हा मान राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’चा (१९६४). जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा सिनेमा, नायक डॉ. काशिनाथ घाणेकर. बायको डोळ्यांसमोर मेली, आणि तिच्यासारखीच दिसणारी गुन्हेगार बाई पोलिसांनी धरून आणली. ती म्हणते, मीच तुमची बायको. हा पेच इतका बिनतोड, की राज खोसला यांनी दोन वर्षांत त्यावरून ‘मेरा साया’ काढला. हिंदीवरून मराठी उचलतात असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण तोंडावर फेकायला बरं. घाणेकर पुढे ‘हा खेळ सावल्यांचा’मध्येही (१९७६) असल्याच भुताटकीच्या वाटेला गेले.

गाणं नकोच, असं म्हणणारेही निघाले. बी. आर. चोप्रांचा ‘कानून’ (१९६०), त्यांच्याच बॅनरखाली यश चोप्रांनी केलेला ‘इत्तेफाक’ (१९६९), आणि खूप नंतर रामगोपाल वर्माचा ‘कौन’ (१९९९), ज्यात एक घर, तीन माणसं आणि ऊर्मिला मातोंडकरचे डोळे, एवढ्यावर काम भागलं.

विजय आनंद मात्र गाणीही झकास द्यायचे आणि फसवायचेही. ‘ज्युएल थीफ’मध्ये (१९६७) देव आनंदसारखा हुबेहूब दिसणारा चोर शोधण्यात आपला सगळा वेळ जातो. तसा माणूसच अस्तित्वात नाही. चोर कोण, तर अशोक कुमार! दादामुनींवर कोण संशय घेणार? चेहऱ्याचा पूर्वइतिहास हाही पुरावा दडपायच्या कामी येतो, हे आनंद यांना पक्कं ठाऊक होतं.

कात्रीची लबाडी

माणसाचा चेहरा दाखवा, मग तान्हं बाळ, मग तोच माणूस हसताना. काय प्रेमळ गृहस्थ! आता बाळाच्या जागी बिकिनीतली तरुणी चिकटवा. हसू तेच. काय चावट म्हातारा! रशियाच्या कुलेशोव्हनं १९२०च्या आसपास केलेला हा प्रयोग हिचकॉकनं टीव्हीवर समजावून सांगितला, आणि म्हातारा म्हणून स्वतःचाच चेहरा वापरला.

या लबाडीची अव्वल नक्कल ‘द सायलेन्स ऑफ द लँब्ज’मध्ये (१९९१) आहे. एफबीआयची फौज एका घराला वेढा घालते, बेल दाबते. खुन्याच्या तळघरात बेल खणखणते. पुन्हा बेल, पुन्हा तळघर. खुनी वर येऊन दार उघडतो, तर समोर एकटी नायिका, क्लॅरिस. फौज भलत्याच गावात, भलत्याच रिकाम्या घरापुढे! सलग दोन शॉट दिसले की ते एकाच जागचे, हे आपण स्वतःहून धरून चाललो होतो. दिग्दर्शकानं तसं म्हटलंच नव्हतं. जाता जाता सांगतो, ऑस्कर मिळवलेला अँथनी हॉपकिन्स यात पडद्यावर आहे जेमतेम सोळा मिनिटं.

श्रीराम राघवन यांचा पुण्यात घडणारा ‘अंधाधुन’ (२०१८) म्हणजे तर कोण काय जाणतं याचा चौपदरी गोंधळ. एका फ्रेंच लघुपटावरून सुचलेली गोष्ट. आंधळ्याचं सोंग घेतलेला आकाश पियानो वाजवतोय. मागे बाई आणि तिचा यार प्रेत उचलताहेत, फरशी पुसताहेत, बॅग भरताहेत, सगळं आवाज न करता, कारण ‘आंधळ्या’ला कळता कामा नये. त्याला सगळं दिसतंय. बोटं थांबली तर मेला. आणि आपण? हसावं की घाबरावं याच्या मध्ये कुठेतरी अडकलेले.

शेवट सांगाल तर बघा

‘ले दियाबोलिक’ (१९५५) या फ्रेंच सिनेमाच्या अखेरीस पाटी येते, की तुम्ही पाहिलंत ते मित्रांना सांगून त्यांचा रस घालवू नका. हा सिनेमा ज्या लेखकजोडीच्या कादंबरीवरचा, तिच्याच नंतरच्या एका कादंबरीवर ‘व्हर्टिगो’ निघाला. लंडनमध्ये १९५२ पासून चालू असलेल्या अगाथा ख्रिस्तीच्या ‘द माउसट्रॅप’ नाटकातही पडदा पडताना प्रेक्षकांना अशीच गळ घालतात.

‘सेव्हन’मध्ये (१९९५) खुन्याचं काम करणाऱ्या केव्हिन स्पेसीचं नाव सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून वगळलं. नाव वाचून लोक त्याची वाट बघत बसले असते. ‘वेट अंटिल डार्क’मध्ये (१९६७) आंधळी नायिका घरातले दिवे फोडून खुन्यालाही आपल्या पातळीवर आणते. तेव्हा थिएटरांतले दिवेही कायद्यात बसेल तितके मालवले जायचे, आणि शेवटच्या आठ मिनिटांत असं होणार, ही जाहिरात आधीच केलेली. डोअरकीपरची मात्र तारांबळ होत असणार.

फुटलेली बिंगं

इतकी काटेकोर मंडळी, पण चुकायची तीही. ‘बुलिट’ (१९६८) मधला सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा पाठलाग आजही पाहताना पाय आपोआप ब्रेक शोधतो. त्याच्या संकलकाला ऑस्कर मिळालं. पण नीट पाहा, एक हिरवी फोक्सवॅगन बीटल पुन्हा पुन्हा मागे पडते. पाठलागाचा एकच तुकडा वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतून घेतला आणि सगळे जोडले, त्यामुळे ती बिचारी दरवेळी नव्यानं ओव्हरटेक होते. खलनायकांच्या डॉज गाडीची चाकांवरची झाकणं उडतात, तीही चारपेक्षा जास्त!

आणि ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९). गल्लीतल्या अंधाराऐवजी भर उन्हात, मोकळ्या शेतात विमानाकडून माणसाचा पाठलाग करणारा, आणि त्या हल्ल्याला संगीताचा एक ठोकाही न देणारा हा सिनेमा. संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत चित्रीकरणाला परवानगी नव्हती, म्हणून केरी ग्रँटला आत जाताना गाडीत दडवलेल्या कॅमेऱ्यानं टिपलं. एवढी सावधगिरी. पण माउंट रशमोरच्या उपाहारगृहात नायिका पिस्तूल काढते तेव्हा तिच्यामागच्या टेबलाकडे बघा. निळ्या कपड्यातला एक मुलगा पाठमोरा बसलाय. तालमींत तो बार त्यानं बहुधा बऱ्याचदा ऐकला असावा. कारण गोळी सुटायच्या आधीच तो दोन्ही कानांत बोटं घालून मोकळा होतो.